आरव्हीत राहून गोदामातला सीझन: नव्यानं येणाऱ्यांसाठी सगळी तयारी

ऑक्टोबर लागला की अमेरिकेतल्या गोदामांना माणसं कमी पडू लागतात. थँक्सगिव्हिंग, ब्लॅक फ्रायडे, सायबर मंडे आणि मग नाताळ, असा वर्षभराच्या खरेदीचा मोठा जोर दहा-बारा आठवड्यांत येतो आणि तेवढ्यापुरती प्रचंड भरती होते. २०२४ मध्ये एकट्या अ‍ॅमेझॉननं अडीच लाख आणि यूपीएस या पार्सल कंपनीनं सव्वा लाख हंगामी जागा जाहीर केल्या होत्या. आरव्हीत, म्हणजे झोपण्या-स्वयंपाकाची सोय असलेल्या चालत्या घरात, कायम राहणाऱ्यांना हे काम सोयीचं आहे. घर आपल्याबरोबरच असतं, काम असेल तिथे जाऊन उभं राहायचं आणि सीझन संपला की निघायचं.

आम्ही दोघं निवृत्तीनंतर फिफ्थ व्हीलमध्ये (ट्रकनं ओढायच्या मोठ्या आरव्हीत) राहतो आणि हे काम केलेलं आहे. ओळखीतली मराठी माणसं विचारतात तेव्हा बहुतेकांचा पहिला प्रश्न 'तासाला किती देतात' हाच असतो. पण तासाचा दर सगळ्यांना साधारण सारखाच मिळतो. शेवटी हातात किती उरतं हे गाडी कुठे उभी आहे आणि शरीर किती टिकतं यावर ठरतं. म्हणून खालचा क्रम मुद्दाम असा लावला आहे. अर्ज बराच उशिरा येतो, कारण तो सगळ्यात सोपा आहे.

१. तुम्हाला काम करायची परवानगी आहे का?

हे आधी स्पष्ट सांगते, कारण आपल्या लोकांत इथेच गैरसमज फार आहेत. अमेरिकन नागरिक आणि ग्रीन कार्डधारक हे काम करू शकतात. ज्यांच्याकडे चालू मुदतीचं ईएडी कार्ड (सरकारनं दिलेला नोकरीचा परवाना) आहे आणि त्यावर कुठल्या एका मालकाचं बंधन नाही, तेही करू शकतात. एच-४ व्हिसावर (एच-१बीवाल्यांच्या कुटुंबीयांचा) असाल आणि ईएडी नसेल तर नाही. एच-१बीवर असाल तर सुट्टीच्या दिवशीही नाही, कारण तो व्हिसा ठरावीक कंपनीसाठीच असतो. एफ-१वर शिकणाऱ्या मुलांना कॉलेजबाहेर काम करायला वेगळी परवानगी लागते, आणि गोदामातली हंगामी नोकरी सहसा त्यात बसत नाही.

मुलांकडे सहा महिन्यांसाठी आलेल्या आई-बाबांबद्दल तर वारंवार विचारलं जातं. 'बाबा अजून ठणठणीत आहेत, घरी बसून कंटाळतात.' बी-२, म्हणजे पाहुण्यांच्या व्हिसावर पगारी काम अजिबात चालत नाही. 'रोख देतो, कागद नकोत' असं कुणी म्हणालं तर तिथून निघा. पुढचा व्हिसा, पुढे कधी होणारं ग्रीन कार्ड, सगळंच त्यात अडकू शकतं.

ग्रीन कार्डधारकांसाठी आणखी एक नियम. राहण्याचा पत्ता बदलला की १० दिवसांच्या आत यूएससीआयएसला (अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याला) कळवायचं असतं. ऑनलाइन होतं, पैसे लागत नाहीत. आरव्हीत राहणारे हे हमखास विसरतात. कार्ड कायम जवळ बाळगणंही कायद्यानं बंधनकारक आहे, गाडीच्या कपाटात ठेवून भागत नाही.

२. जुनी माहिती बाजूला ठेवा

इंटरनेटवर शोधलंत की 'कॅम्परफोर्स' हे नाव सगळीकडे दिसेल. अ‍ॅमेझॉननं खास आरव्हीवाल्यांसाठी २००८ मध्ये कॅन्ससमधल्या कॉफीविलला सुरू केलेली ही योजना होती. पुढे ती नेवाडातलं फर्नली, केंटकीतलं कॅम्पबेल्सविल अशा गावांत गेली. गाडीच्या जागेचं भाडं कंपनी भरायची आणि सीझन पूर्ण केला की वर बोनस मिळायचा. आता ती योजना बंद आहे, पण तिच्याबद्दलचे व्हिडिओ आणि लेख अजून फिरत असतात आणि लोक ते बघून हिशेब मांडतात.

आता तुम्ही अर्ज करता तो इतर कुठल्याही हंगामी कामगारासारखाच. जागेचं भाडं तुमच्या खिशातून जातं. एखादा मालक भाडं देतो असं सांगत असेल तर ते लेखी घ्या, आणि विजेचं बिल त्यात धरलं आहे का तेही विचारा.

३. गाव कसं निवडायचं

गोदामं ठरावीक पट्ट्यांत एकवटलेली आहेत. केंटकीत लुईविल, जिथे यूपीएसचं वर्ल्डपोर्ट हे पार्सलचं मोठं केंद्र आहे. टेनेसीत मेम्फिस, तिथे फेडेक्स. इंडियानात इंडियानापोलिसच्या शेजारचं प्लेनफील्ड, ओहायोत कोलंबस, नेवाडात रीनो-स्पार्क्स, टेक्ससमध्ये डॅलस-फोर्ट वर्थ, अ‍ॅरिझोनात फीनिक्स.

पहिल्या खेपेला माझं मत डॅलस-फोर्ट वर्थच्या बाजूनं आहे. गोदामं भरपूर आहेत, त्यामुळे एक ठिकाण जमलं नाही तर दुसरं अर्ध्या तासावर मिळतं. पगारावर राज्याचा आयकर नाही. थंडी असते, पण डिसेंबरपर्यंत सहसा सोसवते (फेब्रुवारी २०२१ मध्ये तिथे सगळं गोठलं होतं, तेव्हा अगदीच बेफिकीर राहू नका). फीनिक्स हवेच्या दृष्टीनं उत्तम, पण तिथे थंडीसाठी उत्तरेकडून येणाऱ्यांची गर्दी असते आणि आरव्ही पार्कचे हिवाळी दर चढतात. केंटकी, इंडियाना, ओहायोत जागा स्वस्त मिळू शकते, पण नोव्हेंबरपासून पाणी गोठायची तयारी ठेवावी लागते. रीनोला पगारावर राज्याचा कर नाही, मात्र रात्री बोचऱ्या असतात आणि आसपासच्या घाटात बर्फ पडतो.

गोदाम आणि गाडीची जागा यांत वीस-पंचवीस मिनिटांपेक्षा जास्त अंतर नको. दहा तासांच्या शिफ्टनंतर बर्फाळ रस्त्यावर पाऊण तास गाडी हाकणं धोक्याचं आहे. फिफ्थ व्हील किंवा ट्रेलर असेल तर ओढणारा ट्रक रोज कामावर न्यावा लागतो, म्हणजे इंधन जास्त जातं. क्लास ए किंवा क्लास सी (स्वतःचं इंजिन असलेली आरव्ही) असेल तर मागे छोटी गाडी हवीच. रोज वायर-पाइप काढून घरासकट कामावर जाणं कुणाला जमत नाही.

४. गाडी उभी करायची जागा: इथे वेळ घालवा

जागा ऑगस्टमध्येच बघायला लागा, सप्टेंबरअखेर पक्की करा. नोकरीचं पत्र हातात आल्यावर शोधायला निघालात तर गोदामाजवळच्या चांगल्या जागा गेलेल्या असतात.

स्टेट पार्क स्वस्त आणि सुंदर असतात म्हणून नवे लोक तिकडे वळतात. बहुतेक सरकारी कॅम्पग्राउंडवर सलग १४ दिवसांची मर्यादा असते, आणि थंडीत कित्येक बंद होतात. काही उघडी राहतात पण नळाचं पाणी तोडतात. मासिक भाड्यानं देणारं खासगी आरव्ही पार्क हाच व्यवहारी मार्ग आहे. वॉलमार्टच्या पार्किंगमध्ये तीन महिने काढायचा विचार सोडून द्या. परवानगी मिळाली तरी एखाद्या रात्रीची असते, आणि वीज-पाण्याशिवाय हे काम झेपत नाही.

फोनवर पार्कच्या मालकाला हे प्रश्न विचारा:

- मासिक भाड्यात वीज धरली आहे की मीटर वेगळा?
- ३० अँपिअर की ५० अँपिअर?
- पाणी हिवाळाभर चालू राहतं का? नळाला हीट टेप (विजेवर गरम राहणारी पट्टी) लावलेली आहे का?
- सांडपाण्याची जोडणी जागेवरच आहे की टाक्या रिकाम्या करायला दुसरीकडे जायचं?
- प्रोपेन पार्कमध्ये मिळतो का?
- महिना मध्येच सोडला तर पैसे परत मिळतात का?
- रात्रपाळी करून दिवसा झोपणाऱ्यांसाठी शांत कोपरा आहे का?

विजेचा प्रश्न फार महत्त्वाचा आहे. मासिक भाडं कमी दिसतं आणि डिसेंबरात हीटरचं बिल आलं की सगळा हिशेब कोलमडतो. मागच्या डिसेंबरात तुमच्याएवढ्या गाडीला साधारण किती बिल आलं होतं, हे सरळ विचारा. चांगला मालक सांगतो.

५. कागदपत्रं

हा गठ्ठा एका जाड प्लास्टिकच्या फाइलमध्ये, गाडीत हाताशी येईल असा ठेवा:

- अमेरिकन पासपोर्ट, किंवा ग्रीन कार्ड, किंवा ईएडी
- ड्रायव्हिंग लायसन्स
- सोशल सिक्युरिटी कार्ड (मूळ, फोटोकॉपी नाही)
- बँक खात्याचा क्रमांक आणि राउटिंग क्रमांक (बँकेचा ओळख क्रमांक)
- गेल्या काही वर्षांतल्या पत्त्यांची आणि नोकऱ्यांची तारखांसह यादी
- आरव्हीचं रजिस्ट्रेशन आणि विमा, पार्कवाले मागतात
- औषधांची यादी आणि डॉक्टरांचा फोन नंबर

रुजू झाल्यावर आय-९ (कामाचा हक्क तपासण्याच्या) फॉर्मसाठी कामाच्या तीन दिवसांच्या आत मूळ कागद दाखवावे लागतात. पासपोर्ट किंवा ग्रीन कार्ड असेल तर तेवढं एकच पुरतं. नाहीतर लायसन्स आणि सोशल सिक्युरिटी कार्ड अशी जोडी चालते. यातली खाच अशी की, पूर्वी एच-१बीवर असताना काढलेल्या सोशल सिक्युरिटी कार्डावर 'होमलँड सिक्युरिटीच्या परवानगीनेच कामासाठी वैध' अशा अर्थाची ओळ छापलेली असते. ते कार्ड या जोडीत चालत नाही. ग्रीन कार्ड किंवा नागरिकत्व मिळून वर्षं झाली तरी अनेकांनी ते बदलून घेतलेलं नसतं. सीझनच्या आधीच नवं कार्ड मागवा.

पत्त्याचंही बघा. कायम आरव्हीत राहणारे बहुतेक लोक साउथ डकोटा, टेक्सस किंवा फ्लोरिडा यांपैकी एका राज्यात कायदेशीर वास्तव्य नोंदवतात आणि टपाल पुढे पाठवणारी सेवा घेतात. टेक्ससमधल्या लिव्हिंग्स्टनला एस्केपीज या जुन्या आरव्ही क्लबची अशी सेवा आहे. अर्जावर, बँकेत आणि लायसन्सवर एकच पत्ता ठेवा. तीन ठिकाणी तीन पत्ते असले की पार्श्वभूमी तपासणी लांबते आणि तुमचा रुजू होण्याचा आठवडा हातचा जातो.

६. अर्ज

कंपनीच्या स्वतःच्या भरतीच्या साइटवरूनच अर्ज करा. मोठ्या गोदामांत मुलाखत नावापुरती असते किंवा नसतेच. शिफ्ट निवडायची, तपासणीला संमती द्यायची, कागद दाखवायचे, झालं. जागा सोडल्या जातात आणि काही तासांत संपतात, म्हणून सप्टेंबरच्या मध्यापासून रोज सकाळी बघत राहा. वर्कॅम्पर न्यूजसारख्या ठिकाणी आरव्हीवाल्यांसाठी वेगळ्या जाहिराती येतात, त्याही चाळा.

शिफ्ट निवडताना जोडप्यानं एकच शिफ्ट घ्यावी. एकाची दिवसपाळी आणि दुसऱ्याची रात्रपाळी असली की त्या एवढ्याशा जागेत कुणालाच झोप मिळत नाही. रात्रपाळीला तासाला थोडे जास्त मिळतात, पण दिवसा गाडीत झोपणं कठीण. पातळ भिंती, शेजारचं जनरेटर, कुत्री, खिडक्यांतून येणारा उजेड. रात्रपाळी घेतलीच तर सगळ्या खिडक्यांना चमकत्या इन्सुलेशनचे तुकडे कापून लावा. उजेडही अडतो, थंडीही.

फसवणुकीचा प्रकार एकच, रूपं अनेक. नोकरीसाठी तुमच्याकडून पैसे मागणारा, 'साहित्य घ्यायला चेक पाठवतो, उरलेले परत करा' म्हणणारा किंवा व्हॉट्सअ‍ॅपवरच सोशल सिक्युरिटी नंबर मागणारा माणूस भरतीवाला नसतो. खरी कंपनी एक पैसा घेत नाही.

अर्जात लिहिलेलं वजन नीट वाचा. मोठ्या गोदामांत साधारण ४९ पौंडांपर्यंत, म्हणजे २२ किलो, उचलायची तयारी मागतात. गुडघ्याचा, पाठीचा त्रास असेल तर कायद्यानं तुम्ही कामात वाजवी फेरबदल मागू शकता. त्यासाठी डॉक्टरांचं पत्र लागतं, ते रुजू होण्यापूर्वीच घेऊन ठेवा.

७. गाडीची थंडीची तयारी

इथे जरा सविस्तर लिहिते, कारण काम सोडून जाणाऱ्या कित्येकांना गोदामानं नाही, गाडीतल्या हालांनी पळवलेलं असतं.

वीज: ३० अँपिअरच्या जोडणीत तुमच्याकडे एकूण ३,६०० वॅट असतात. एक छोटा हीटर १,५०० वॅट खातो. दोन हीटर चालू ठेवून मायक्रोवेव्ह किंवा इन्स्टंट पॉट लावलात की ब्रेकर पडणार. पहाटे चारला, अंधारात, डबा भरताना नेमका पडतो. म्हणून एक हीटर विजेवर आणि बाकी ऊब प्रोपेनच्या फर्नेसवर, अशी विभागणी ठेवा. फर्नेस चालवण्याचं दुसरंही कारण आहे. अनेक गाड्यांत तिचीच गरम हवा खालच्या टाक्यांपर्यंत जाते. ती बंद ठेवून फक्त हीटरवर भागवलं तर खोली उबदार राहते आणि पाणी गोठतं. सर्ज प्रोटेक्टर (विजेच्या चढउतारापासून वाचवणारं उपकरण) लावल्याशिवाय कुठल्याही पार्कच्या खांबाला गाडी जोडू नका.

पाणी: गरम होणारा पाण्याचा पाइप घ्या. पाइप गरम राहतो, पण खांबाचा नळ उघडा असतो आणि तोच गोठतो. नळाला हीट टेप गुंडाळा, वर फोमचं वेष्टण चढवा, त्यावर चिकटपट्टी. कडाक्याची रात्र असेल त्या संध्याकाळी गाडीची पाण्याची टाकी भरून घ्या, बाहेरचा नळ बंद करा, पाइप रिकामा करा आणि रात्रभर पंपावर चालवा. कपाटांची दारं उघडी ठेवा म्हणजे आतल्या नळ्यांना ऊब लागते.

सांडपाणी: ब्लॅक टँकची (संडासाच्या टाकीची) झडप बंदच ठेवायची, भरत आली की सोडायची. थंडीत ग्रे टँकचीही (न्हाणी आणि सिंकच्या पाण्याच्या टाकीची) तशीच. ती उघडी ठेवली की थेंबथेंब पाणी पाइपात साचतं आणि गोठून बुच बसतं.

ओल: याचा आपल्याला जास्त त्रास होतो, कारण आपला स्वयंपाक वाफेचा. कुकरच्या शिट्ट्या, भात, आमटी, चहा, आणि वर प्रोपेनच्या शेगडीची स्वतःची वाफ. सगळी ओल थंड भिंतीवर आणि गादीखाली जाऊन बसते. दोन आठवड्यांत गादीच्या खालच्या अंगाला काळे ठिपके दिसू लागतात. छोटा डीह्युमिडिफायर (हवेतली ओल शोषणारं यंत्र) घ्या, स्वयंपाक करताना वरचा पंखा चालू ठेवा, गादीखाली हवा खेळेल अशी जाळी टाका.

गॅस: शेगडी पेटवून गाडी गरम करायची नाही, कधीच नाही. कार्बन मोनॉक्साइड आणि गॅसगळतीच्या दोन्ही अलार्मवरची तारीख बघा. त्यांना ठरावीक आयुष्य असतं आणि जुन्या गाडीत ते बहुधा संपलेलं असतं. तीस पौंडांचं सिलिंडर गोठवणाऱ्या हवेत चार-पाच दिवसांतही संपू शकतं, म्हणून एक भरलेलं कायम तयार ठेवा.

विम्याच्या कागदावर 'फुल-टाइमर' असं लिहिलेलं आहे याची खात्री करा. सुट्टीपुरत्या वापराचा विमा कायम राहणाऱ्यांचं नुकसान भरून देईलच असं नाही.

८. शरीर

रुजू होण्याच्या दोन महिने आधीच चालायला लागा. पिकिंगचं (ऑर्डरप्रमाणे माल उचलायचं) काम मिळालं तर काही गोदामांत दिवसाला दहा मैलांवर चाल होते, तीही काँक्रीटवर. बूट अर्धा नंबर मोठे घ्या, कारण दुपारपर्यंत पाय सुजतात. दोन जोड हवेत, एक दिवसाआड वापरायला. चांगले मोजे घ्या, त्यात काटकसर नको. काही विभागांत पुढून कडक टोपी असलेले सेफ्टी शूज सक्तीचे असतात, ते आधी विचारा.

आपल्यात पन्नाशीनंतर मधुमेह आणि रक्तदाब घरोघरी आहे. जेवणाच्या वेळा बदलल्या आणि अंगमेहनत एकदम वाढली की साखर खाली येऊ शकते. डॉक्टरांना कामाचं वेळापत्रक दाखवून औषधांच्या वेळा ठरवून घ्या, आणि खिशात ग्लुकोजच्या गोळ्या ठेवा.

डब्याचं सांगते. जेवणाची सुट्टी अर्धा तास असली तरी ताटावर बसायला पंधरा-अठरा मिनिटंच मिळतात. दूरच्या टोकाला काम असेल तर ब्रेकरूमपर्यंत चालत यायला चार-पाच मिनिटं, मग मायक्रोवेव्हपुढे रांग, मग तेवढंच परत चालत जायचं. हातातला स्कॅनर (माल नोंदवणारं यंत्र) वेळेवर वाजला नाही तर ती गैरहजेरी धरली जाते. म्हणून गरम करावंच लागेल असं काही नेऊ नका. थालीपीठ, दशमी, मेथीचे ठेपले, तिखटमिठाच्या पुऱ्या, दहीभात, असं थंडही चांगलं लागणारं. छोट्या सुट्टीत दाण्याचा लाडू. सुट्टीच्या दिवशी भाजणी भिजवून सहा-सात थालीपीठं लावून ठेवली की अर्धा आठवडा निघतो.

९. प्रत्यक्ष काम कसं असतं

मुख्य कामं अशी: ट्रकमधून माल उतरवणं, तो फळीवर लावणं, ऑर्डरप्रमाणे उचलणं, खोक्यात भरणं, खोकी वाटेनुसार लावणं आणि ट्रकमध्ये चढवणं. नव्या, पन्नाशीपुढच्या माणसानं पॅकिंग मागावं. एका जागी उभं राहायचं असतं, वजनं बहुधा हलकी असतात. ट्रक लोडिंग टाळा. मागितलेलं मिळेलच असं नाही, पण पहिल्या दिवशी सांगितलेलं लक्षात राहतं.

प्रत्येक कामाला तासाचा वेग ठरलेला असतो आणि स्कॅनर तो मोजत असतो. पहिल्या आठवड्यात तो गाठता येत नाही, याची सगळ्यांना कल्पना असते. घाई करून वेग वाढत नाही. हाताच्या हालचाली कमी केल्या की वाढतो. पॅकिंगच्या टेबलावर टेप उजवीकडे, तुम्ही जास्त वापरता ती दोन मापांची खोकी छातीच्या उंचीवर, चाकू खिशात. शिफ्ट सुरू होताना हे दोन मिनिटं लावून घेतलं की दिवसभर वाकावं लागत नाही.

मंगळसूत्र, बांगड्या, लोंबते कानातले काढून गाडीत ठेवा. चालत्या पट्ट्याजवळ साखळी अडकणं जिवावर बेतू शकतं. केस घट्ट बांधा, ओढणी नको. दारात मेटल डिटेक्टर असतो, पारदर्शक पिशवी न्या. बाहेर पडताना तपासणीच्या रांगेत गेलेल्या वेळेचा पगार संघराज्य कायद्यानुसार मिळत नाही. नेवाडातल्या गोदाम कामगारांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं २०१४ मध्ये तसा निकाल दिला. काही राज्यांचे स्वतःचे नियम वेगळे आहेत.

लागलं, मुरगळलं तर त्याच शिफ्टमध्ये सांगा आणि लिहून घ्यायला लावा. 'उद्या बरं होईल' म्हणून गप्प राहणारी आपली माणसं मी पाहिली आहेत. उशिरा सांगितलं की कामावरच्या दुखापतीची भरपाई मिळवणं अवघड होतं.

आणि सणाचं. २०२६ मध्ये लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला, रविवारी आहे. सीझनमध्ये रजा जवळजवळ मिळत नाही, तेव्हा शिफ्ट निवडतानाच रविवार मोकळा ठेवता येतो का ते बघा. फराळ ऑक्टोबरच्या शेवटच्या सुट्टीत करून डब्यात भरा.

१०. पैशांचा हिशेब

आठवड्याला ४० तासांवर गेलं की दीडपट दर मिळतो. गर्दीच्या आठवड्यांत जादा तास सक्तीचे होतात, ५० किंवा ६० सुद्धा. उलट डिसेंबरच्या मध्यानंतर काम ओसरलं की 'हवं तर घरी जा' असा निरोप येतो, अर्थात बिनपगारी. ठरल्या तारखेआधी सीझन संपवला जाऊ शकतो. म्हणून हिशेब मांडताना ४० तासच धरा आणि शेवटचे दोन आठवडे अर्धेच मोजा.

ज्यांचं वय ६२ ते पूर्ण निवृत्तिवय यांच्या मधलं आहे आणि सोशल सिक्युरिटी (सरकारी निवृत्तिवेतन) घेणं सुरू आहे, त्यांच्यासाठी वर्षाच्या कमाईची मर्यादा आहे. २०२५ साठी ती २३,४०० डॉलर होती. त्यावरच्या दर दोन डॉलरमागे एक डॉलर रोखला जातो. पूर्ण निवृत्तिवय झालं की मर्यादा नाही.

उशिरा अमेरिकेत आलेल्यांसाठी, म्हणजे मुलांनी ग्रीन कार्डवर बोलावलेल्या आई-वडिलांसाठी, या कामाचा मोठा फायदा पगारापलीकडचा आहे. मेडिकेअर या ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्य विम्याचा पार्ट ए (रुग्णालयाचा भाग) विनाहप्ता मिळायला ४० क्रेडिट लागतात, स्वतःची किंवा जोडीदाराची. २०२५ मध्ये दर १,८१० डॉलरच्या कमाईला एक क्रेडिट होतं, वर्षाला जास्तीत जास्त चार. म्हणजे ७,२४० डॉलर कमावले की वर्षाची चारही क्रेडिट झाली. तासाला १८ डॉलर धरले तर साधारण ४०० तास, म्हणजेच एक सीझन. क्रेडिट नसतील तर २०२५ मध्ये पार्ट एचा महिन्याचा हप्ता ५१८ डॉलर होता, आणि ३० क्रेडिट झाली की २८५. भारत आणि अमेरिका यांच्यात सोशल सिक्युरिटीचा करार नाही, त्यामुळे तिकडच्या नोकरीची वर्षं इथे जोडली जात नाहीत. पंचावन्नाव्या वर्षी आलेल्या, अंगानं धडधाकट माणसानं हा हिशेब जरूर मांडून बघावा.

मेडिकेड (कमी उत्पन्नवाल्यांचा सरकारी विमा) किंवा सरकारी अनुदानाचा आरोग्य विमा असेल तर वाढलेल्या उत्पन्नाचा त्यावर परिणाम होतो. सीझन सुरू होण्याआधी तिथे विचारा.

११. सीझन संपताना

शेवटच्या आठवड्यात तीन गोष्टी करा. एक, कंपनीच्या पोर्टलवर टपालाचा पत्ता बरोबर आहे का बघा, कारण डब्ल्यू-२ (वर्षाच्या पगाराचा आणि कापलेल्या कराचा फॉर्म) जानेवारीअखेरपर्यंत त्याच पत्त्यावर पाठवला जातो. ऑनलाइन मिळत असेल तर तो पर्याय निवडा. दोन, पगाराच्या सगळ्या स्लिपा उतरवून घ्या. खातं बंद झालं की त्या मिळवायला खेटे घालावे लागतात. तीन, पुढच्या वर्षी परत घेण्यास पात्र अशी नोंद झाली आहे का, हे एचआरला विचारा. निरोप न देता गायब झालेल्यांची ती नोंद जाते.

तुमचं वास्तव्य साउथ डकोटात आणि काम केंटकीत किंवा इंडियानात झालं असेल तर त्या राज्याचं अनिवासी विवरणपत्र भरावं लागतं, साधारणपणे १५ एप्रिलपर्यंत. वास्तव्याच्या राज्यात आयकर नाही म्हणून इकडचा सुटत नाही. केंटकीत काही ठिकाणी शहराचा किंवा काउंटीचा वेगळा करही पगारातून कापतात, स्लिपेवर ती ओळ शोधा.

निघण्याच्या आदल्या दिवशी दुपारी, ऊन असताना, टाक्या रिकाम्या करा. पहाटे झडपा गोठलेल्या असतात. टायरमधली हवा थंडीत उतरलेली असते, ती भरून घ्या. स्लाइडवर (गाडीच्या बाहेर सरकणाऱ्या भागावर) बर्फ साचला असेल तर झाडून मगच आत घ्या. पार्कच्या मालकाकडे पुढच्या ऑक्टोबरसाठी नाव आणि जागेचा नंबर लिहून द्या, बहुतेक जण आगाऊ रक्कम न घेताही ठेवतात.